वैराग्य कोणाच्या खर्चाने?

‘सोडणे’ हे मराठीतले मोठे मानाचे क्रियापद आहे. अमक्याने घरदार सोडले, संसार सोडला, चालत्या नोकरीवर पाणी सोडले, असे कानावर आले की आपली मान आपोआप लवते. घेणाऱ्यापेक्षा सोडणारा मोठा, हा संस्कार कीर्तनातून, क्रमिक पुस्तकांतून आणि आजीच्या तोंडून आपल्यावर इतका झालेला आहे की सोडणाऱ्याला उलटा प्रश्न विचारणे आपल्याला पाप वाटते. प्रस्तुत लेखात तो प्रश्न विचारायचा आहे. जे सोडले ते कोणाचे होते? आणि ते सोडल्यावर जो भार उरला, तो कोणी उचलला?

हा प्रश्न कोणत्याही धर्मातल्या विरक्ताला विचारता येईल. मी तो ख्रिस्ती जीवनाच्या संदर्भात विचारतो, ह्याला कारणे दोन. आपल्याकडे ख्रिस्ती धर्म म्हटला की शाळा, दवाखाना, बंगला आणि मिशनचा पगार एवढेच डोळ्यांपुढे येते; त्या धर्मातही वैराग्याची जुनी आणि कडक परंपरा आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. दुसरे कारण अधिक जवळचे आहे. ह्या विषयावरचा मराठीतला सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज, माझ्या मते, एका ख्रिस्ती घरातून आलेला आहे. तो एका बाईने लिहिला आहे, आणि त्या बाईच्या आयुष्यातले एक अवघड पर्व आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात गेलेले आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आपण अभ्यासक्रमात उतारा म्हणून वाचतो, विनोदी प्रसंगांना हसतो आणि परीक्षा झाली की विसरतो. ते पुस्तक एका त्यागी माणसाच्या बायकोने ठेवलेला जमाखर्च आहे, अशा दृष्टीने ते क्वचितच वाचले जाते.

प्रथम तो त्यागी माणूस. नारायण वामन टिळक, जन्म १८६१, रत्नागिरी जिल्हा. कवी म्हणून ‘फुलांमुलांचे कवी’ ही त्यांची ओळख सर्वांना आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढची वीसएक वर्षे नगरला अमेरिकन मराठी मिशनच्या कामात घालवली. (हेच मिशन सोलापुरातही होते, त्याच्या शाळांत शिकलेली कितीतरी घराणी आपल्या शहरात आहेत.) १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. मान होता, पगार होता, लिहायला हक्काचे पत्र होते. आणि १९१७ च्या सप्टेंबरात, पंचावन्नाव्या वर्षाच्या पुढे, हे सारे त्यांनी सोडले. मिशनचा पगार बंद. साताऱ्याला जाऊन ‘देवाचा दरबार’ नावाने एक बंधुसंघ उभारायचा, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे सगळेच ख्रिस्ताचे शिष्य सामावून घ्यायचे, असा त्यांचा मनोदय होता.

ह्या संन्यासाचा अर्थ नीट लावला पाहिजे. तो भगव्या वस्त्राचा आणि वनवासाचा संन्यास नव्हता. पत्नीचा हात सोडून निघून जाणे टिळकांना अभिप्रेत नव्हते. त्यांनी सोडला तो आश्रय. परदेशातून आलेल्या पैशावर इथला पाळक जगतो, त्या पैशाबरोबर इथल्या मंडळीवर परक्यांची हुकमत येते, आणि मग ख्रिस्त हा इथल्या माणसाला साहेबाच्या टोपीतच दिसतो, ही त्यांची जुनी सल होती. भजन, कीर्तन, अभंग ह्या वाटेने ख्रिस्त मराठी माणसाच्या ओसरीवर यावा म्हणून ते आयुष्यभर झटले. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत असत. तेव्हा १९१७ चे त्यांचे सोडणे हे वैयक्तिक मोक्षाचे साधन नव्हते, त्यात एक सार्वजनिक भूमिका होती. मला ते म्हणूनच आदरणीय वाटते. पगारदार माणसाने पगार देणाऱ्याच्या तोंडावर स्वातंत्र्याची भाषा बोलायची आणि महिनाअखेरीस सही करून पैसेही उचलायचे, ही सोय आजही पुष्कळांना जमते. टिळकांना ती जमली नाही.

हे सगळे मी वर्गात सांगत होतो, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, पगार सोडला हे ठीक. पण मग त्या महिन्याचे पीठ कोणी आणले?” वर्ग हसला. प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. सबंध ‘स्मृतिचित्रे’ हे त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

टिळक संन्यासी झाले १९१७ साली. पण हात सैल सोडण्याची त्यांची रीत पहिल्यापासूनची. हाती आलेला पैसा टिकायचा नाही, दारी आलेल्याला नाही म्हणायचे नाही, घरात काय शिल्लक आहे ह्याची विचारपूस करायची नाही. अशा माणसाबद्दल बाहेर दंतकथा तयार होतात आणि घरात उधारी. लक्ष्मीबाई हे सारे सांगतात ते तक्रारीच्या सुरात नव्हे. त्यांचे टिळकांवर अपार प्रेम आहे आणि तितकीच त्यांची टिळकांवर नजर आहे. त्यागाच्या प्रत्येक प्रसंगाला त्या विनोदाची अशी काही झालर लावतात की वाचणारा हसत हसत पुढे जातो आणि दोन पाने ओलांडल्यावर त्याच्या ध्यानात येते, अरे, त्या दिवशी घरात काहीच नव्हते! मराठीत वैराग्यावर ग्रंथ उदंड आहेत. ते विरक्तांनी, नाही तर त्यांच्या शिष्यांनी लिहिलेले आहेत. विरक्ताच्या चुलीपुढे बसून लिहिलेले हे एकच मला माहीत आहे.

आणि इथे एक गंमत आहे. ज्या घरात टिळकांचा त्याग एवढा गाजला, त्याच घरात त्याच्याही आधी एक मोठा त्याग होऊन गेला होता. तो मात्र कोणी ‘त्याग’ ह्या सदरात टाकला नाही. लक्ष्मीबाईंचे वडील विलक्षण सोवळे. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात घ्यायची नाही, इतके. त्या घरात १८६८ साली जन्मलेली, अकराबारा वर्षांची असताना लग्न झालेली ही मुलगी. सोवळे हा तिचा धर्म, तिची अब्रू, तिचे माहेर, तिची सगळी ओळखीची जमीन. १८९५ साली नवरा ख्रिस्ती झाला आणि ती जमीन एका दिवसात पायाखालून गेली. मग बहिणीच्या आधाराने पंढरपुरात काढलेले दिवस, पदरी लहान मुलगा, नवरा जिवंत असून नसल्यासारखा, आणि गावात चंद्रभागेच्या वाळवंटापासून देवळापर्यंत सगळीकडे तोच धर्म जो नवऱ्याने टाकला. पुढे ती नगरला नवऱ्याकडे आली, तीही आपले सोवळे बरोबर घेऊन. स्वयंपाक निराळा, पाणी निराळे. कोणी जबरदस्ती केली नाही. हळूहळू एकेक बंध सैल होत गेला. आणि एके रात्री विचार करता करता तिच्या मनाचा निश्चय झाला की माणसामाणसांतली ही जातीची भिंत देवाने घातलेली नाही. दुसऱ्या दिवसापासून कोणाच्याही हातचे खायचे, असे तिने ठरवून टाकले. बाप्तिस्मा नंतर, १९०० साली.

जगातल्या वस्तूंचा मोह सुटणे अवघड असते, हे खरे. पण आपण शुद्ध आहोत आणि समोरचा नाही, ह्या समजुतीचा मोह सुटणे त्याहून किती तरी अवघड. पैसा गेला तर माणूस गरीब होतो. ही समजूत गेली तर माणसाला आपण कोण, हेच पुन्हा पहिल्यापासून ठरवावे लागते. लक्ष्मीबाईंनी तिच्यावर पाणी सोडले तेव्हा खर्च पडला तो फक्त त्यांच्यावर. आणि मिळकत झाली ती दुष्काळातल्या अनाथ पोरांची, प्लेगच्या रोग्यांची, ज्यांना पूर्वी त्यांनी स्पर्शही केला नसता. टिळकांनी पगार सोडला, लक्ष्मीबाईंनी सोवळे सोडले. दोहोंत मोठे कोणते, असा वाद घालण्यात अर्थ नाही, पण माझा कौल कोणी विचारलाच तर तो मी लक्ष्मीबाईंच्या बाजूने देईन.

आता शुभवर्तमानाकडे वळू. ख्रिस्ती वैराग्याचा आधार म्हणून नेहमी ज्या श्रीमंत तरुणाची गोष्ट सांगतात, ती सर्वांना ठाऊक असते. सर्व काही विकून गोरगरिबांना दे आणि माझ्यामागे ये, असे येशू त्याला सांगतो आणि तो खिन्न होऊन निघून जातो. सुईच्या नेढ्यातून जाणारा उंट त्याच प्रसंगातला. परंतु ही गोष्ट सांगताना तीतला एक शब्द घाईघाईत गाळला जातो, तो म्हणजे ‘गोरगरिबांना’. नुसते ‘टाकून दे’ असे तिथे म्हटलेले नाही. सोडलेल्या वस्तूला पत्ता आहे. जक्कय नावाचा जकातदार आपली अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्यांना नाडले त्यांना चौपट परत करतो, तिथेही तेच. उरलेली अर्धी मालमत्ता त्याच्याकडेच राहते, आणि येशू त्यावर काही हरकत घेत नाही!

शिष्यांनी जाळी टाकली, ही दुसरी आवडती गोष्ट. मार्काच्या शुभवर्तमानात पेत्र जाळी टाकतो आणि लगोलग त्याच अध्यायात सगळे त्याच्या घरी जातात. तिथे त्याची सासू तापाने आजारी आहे, तिला येशू बरी करतो. म्हणजे पेत्राला बायको होती, घर होते, सासू होती. आणि ते टाकून दिलेले नव्हते. योहानाच्या शेवटच्या अध्यायात तो पुन्हा नाव काढून मासे धरायला जातो, म्हणजे नावही कुठे गेली नव्हती. शिवाय लूक सांगतो की येशूबरोबर फिरणाऱ्या ह्या मंडळींचा खर्च काही स्त्रिया आपल्या पदरच्या पैशातून चालवीत असत. तिथे नावेही दिली आहेत: मग्दालिया मरिया, योहान्ना, सुसान्ना. लूकने हे एक वाक्य लिहून ठेवले नसते, तर त्या मंडळींचे पीठ कोण आणत होते हे आपल्याला कधीच कळले नसते.

पण माझ्या मते ह्या प्रश्नावरचा खरा निवाडा मार्काच्या सातव्या अध्यायात आहे, आणि प्रवचनांत तो क्वचितच ऐकू येतो. त्या काळी एक सोय होती. आपली मिळकत देवाला ‘कुर्बान’, म्हणजे अर्पण केली आहे, असे एकदा जाहीर केले की आईबापांना त्यातून काही द्यायला माणूस बांधलेला राहत नसे. देवाला दिले म्हटल्यावर कोण बोलणार? येशू त्यावर कडाडून तुटून पडतो. आईबापांचे जे देणे आहे, ते देवाच्या नावे खर्ची टाकण्याला तो धर्म मानीत नाही, धर्म बुडवणे मानतो. म्हणजे सर्वस्व सोडून मागे ये म्हणणारा आणि घरच्यांचे देणे बुडवून देवाला वाहू नको म्हणणारा, हा एकच आहे. ही दोन वाक्ये एकमेकांना धरून वाचली तरच ख्रिस्ती वैराग्याचा अर्थ लागतो. एक सुटे केले की उरतो तो नुसता शौक.

पुढच्या इतिहासात हे सुटे करणे झालेले आहे. तिसऱ्या शतकात मिसर देशात अँथनी नावाच्या तरुणाने देवळात तीच श्रीमंत तरुणाची गोष्ट ऐकली आणि जमीनजुमला वाटून तो वाळवंटाकडे गेला. ख्रिस्ती संन्याशांचा तो आद्य पुरुष. त्याला एक धाकटी बहीण होती, आईबाप नव्हते. तिच्यासाठी त्याने आधी थोडे राखून ठेवले, मग तेही देऊन टाकले आणि तिला व्रतस्थ कुमारिकांच्या स्वाधीन केले. चरित्रकाराने हे दोन ओळींत उरकले आहे. त्या मुलीला काय वाटले, ह्यावर एक अक्षरही नाही.

असिसीच्या फ्रान्सिसची गोष्ट सोलापूरकरांना अधिक कळेल, कारण त्याचा बाप कापडाचा व्यापारी. पडक्या देवळाच्या दुरुस्तीसाठी ह्या मुलाने बापाच्या दुकानातले कापड नेऊन शेजारच्या गावात विकले. बाप बिशपपुढे दाद मागायला गेला, तेव्हा १२०६ च्या सुमारास सर्वांसमक्ष अंगावरचे कपडेसुद्धा उतरवून मुलाने बापाला परत केले. शतकानुशतके चित्रकारांनी हा प्रसंग रंगवला आहे आणि प्रत्येक चित्रात बाप रागीट, लोभी दाखवला आहे. आमच्या चाटी गल्लीतल्या एखाद्या दुकानदाराला विचारा. तो म्हणेल, मुलगा थोर असेल, पण कापड कोणाचे होते? मला फ्रान्सिस मनापासून आवडतो. त्याने बापाचे पैसे आणि कपडे परत केले आणि त्यानंतर जे सोडले ते फक्त स्वतःचे, म्हणून अधिकच आवडतो. कापड विकले तो त्याचा उत्साह होता. वैराग्य सुरू झाले ते परत केल्यावर.

आपल्याकडच्या परंपरेत ही जाण नाही असे नाही. सावकारीचे कागद इंद्रायणीत बुडवण्यापूर्वी तुकोबांनी धाकट्या भावाची, कान्होबाची, निम्मी वाटणी त्याला देऊन टाकली, असे परंपरा सांगते. पाण्यात गेले ते तुकोबांच्या वाटणीचे कागद, आणि सुटले ते कर्जदार कुळांचे गळे. किती नेमकेपणा आहे! (जिजाईंना कोणी विचारले होते की नाही, हे मात्र परंपरा सांगत नाही.) आणि आपल्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी वाटले ते धान्य राजाचे होते, त्यांचे नव्हे, पण त्यापायी पणाला लावली ती स्वतःची मान. तेव्हा हिशेब तिथेही चुकता होता.

वैराग्याची किंमत घरच्यांनी कशी मोजावी लागते, हे लक्ष्मीबाईंहूनही भयंकर रीतीने जिने पाहिले, अशी मराठीत दुसरी बाई झाली. पंडिता रमाबाई. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान, स्त्रियांना संस्कृत शिकवू पाहणारे, काळाच्या पुढचे गृहस्थ. पण तीर्थयात्रा आणि दानधर्म ह्यांत होते नव्हते ते संपले. पुण्य गाठी बांधायचे, बाकीचे देव पाहील. १८७० नंतरच्या दशकातल्या दुष्काळात काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण उपासमारीने गेली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ उरले. ज्या मुलीने ‘सर्व सोडा, देव पाहील’ ह्याचा असा शेवट पाहिला, ती मोठेपणी त्यागाच्या वाऱ्यालाही उभी राहिली नसती तर तिला कोण दोष देणार होते?

१८८३ मध्ये इंग्लंडात त्या ख्रिस्ती झाल्या. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवले, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून अनाथ मुली व विधवा आणून केडगावला ज्या वसाहतीचा पाया घातला तिचे नाव ‘मुक्ती’. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंड मागे टाकले की केडगाव स्टेशन लागते; तुमच्यापैकी अनेक जण त्यावरून शेकडो वेळा गेले असतील. रमाबाईंनी तिथे जमीन घेतली, विहिरी खोदल्या, शेती, गुरे, विणकाम, छापखाना उभा केला. तो छापखाना मुलीच चालवीत. म्हणजे कागदावर पाहिले तर ही बाई मोठी मालकीण! आणि तरी तिचे स्वतःचे राहणे साधे, वेळ सगळा कामात, आयुष्याची अखेरची वर्षे हिब्रू-ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात. एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली, त्या स्वतः ५ एप्रिल १९२२ ला.

रमाबाईंनी वडिलांच्या वैराग्याला दिलेले हे उत्तर आहे, असे मी समजतो. त्यांनी जमीन सोडली नाही, जमीन घेतली. फक्त ती स्वतःसाठी घेतली नाही. अनासक्ती म्हणजे हात रिकामा ठेवणे, अशी आपली एक ढोबळ कल्पना असते. दुष्काळात रिकाम्या हाताचा उपयोग कोणाला? विहीर लागते.

अर्थात संस्थेचीही आसक्ती जडते, हा आक्षेप कोणी घेईल आणि तो खरा आहे. तो आक्षेप आपल्याच गावात आठशे वर्षांपूर्वी घेतला गेलेला आहे. सिद्धरामेश्वरांनी इथे तळे खोदले, देवळे बांधली, सोन्नलगी हे गाव उभे केले. अल्लमप्रभू इथे आले तेव्हा ह्या दगडमातीच्या कामात गुंतल्याबद्दल त्यांनी सिद्धरामांना ‘वड्डर’ म्हणून हिणवले, अशी कथा शरणांच्या साहित्यात आहे. परमार्थ सोडून खोदकाम काय करत बसलास, असा त्यातला रोख. सिद्धरामांनी तो बोल मानला आणि ते कल्याणच्या वाटेला लागले. अल्लमप्रभूंचे म्हणणे अध्यात्माच्या दृष्टीने बरोबरच असेल. मात्र तळे आजही शहराच्या मध्यावर आहे, आणि अल्लमप्रभू सिद्धरामांना भेटायला चार वर्षे आधी आले नाहीत हे सोलापूरचे नशीब, असे माझ्यासारख्या प्रापंचिकाला वाटल्यावाचून राहत नाही.

अगदी अलीकडचे एक उदाहरण. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला (आता धाराशिव) अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. सोलापुरातून कितीतरी मंडळी तिकडे गेली होती. कॅथलिक धर्मगुरू म्हणजे ज्याने स्वतःचा संसार मांडलेला नाही असा माणूस. ह्या माणसाने १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून ‘हरित वसई’च्या चळवळीत उडी घेतली. वसईच्या शेतकऱ्यांच्या वाड्या, बावखले, विहिरीचे पाणी हे बिल्डर आणि टँकरवाले ह्यांच्या घशात जाऊ नये म्हणून. काही जणांना तेव्हा प्रश्न पडला असेल, की पारलौकिकाची वाट दाखवणाऱ्याने लोकांना ‘जमीन धरून ठेवा’ असे का सांगावे? ज्याला स्वतःला बिघाभर नको, त्यालाच दुसऱ्याच्या बिघ्यासाठी निर्भयपणे भांडता येते, हे त्याचे उत्तर. आपण २०२४ मध्ये त्यांना गमावले.

आज परिस्थिती काय आहे? मिशनरी परत गेले तेव्हा बंगले, शाळा, मोकळ्या जागा इथल्या मंडळ्यांच्या हाती आल्या. टिळकांना हवे होते ते स्वातंत्र्य मिळाले म्हणावे, तर त्या जागांवरून ठिकठिकाणी कोर्टकज्जे. विश्वस्तांचे दोन पक्ष, दोघांचे दोन वकील, आणि रविवारी उपदेश अनासक्तीचा. हे केवळ ख्रिस्ती समाजात आहे असे समजून कोणी सुखावू नये. देवस्थाने, मठ, शिक्षणसंस्था, सगळीकडे हेच. पण ज्यांच्या घरात १९१७ सालचा तो संन्यास होऊन गेला, त्यांना तो जरा जास्त लाजिरवाणा वाटावा, एवढे म्हणण्याचा अधिकार वाचक म्हणून मला आहे. आणि व्यासपीठावरून ‘गरजा कमी करा’ असे ज्यांना सांगितले जाते, त्यांत समोर बसलेली बाई दिवसभर विड्या वळून आलेली असते. तिने आणखी काय कमी करायचे?

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या घरांत मात्र ह्या विषयाचा अभ्यास रोज चालू आहे. धाकटा भाऊ स्पर्धापरीक्षेच्या क्लाससाठी पुण्याला गेला पाहिजे, म्हणून थोरल्या बहिणीने बी. ए. दुसऱ्या वर्षालाच थांबवले. अशा मुली ह्या महाविद्यालयाने पाहिलेल्या आहेत, दर वर्षी पाहतो. मोठ्या हुद्द्याच्या माणसाने नोकरी सोडली की वर्तमानपत्रात त्याला ‘त्याग’ म्हणतात. ह्या मुलीने शिक्षण सोडले की आमच्या अहवालात तिची नोंद ‘गळती’ ह्या रकान्यात होते. क्रियापद तेच, ‘सोडणे’. तिला कोणी विचारले नव्हते, म्हणून ते वैराग्यही नव्हे. आणि भावाला ते घेताना काही सोडावे लागले नाही. कुर्बानचा तो जुना अध्याय मला अशा वेळी आठवतो, फक्त उलट्या बाजूने. तिथे देवाच्या नावावर घरच्यांचे बुडवले जात होते, इथे घराच्या नावावर तिचे.

साताऱ्याचा ‘देवाचा दरबार’ फार दिवस चालला नाही. टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईत वारले. संन्यास घेऊन पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य सुरुवातीच्या थोड्या अध्यायांवरच राहिले. लक्ष्मीबाईंनी आधी मुलींच्या वसतिगृहात मेट्रनचे काम धरले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याच्या हाताखाली अक्षर गिरवलेल्या त्या बाईने पुढे ते काव्यही हाती घेतले आणि साठाहून अधिक अध्याय लिहून जवळजवळ शेवटाला नेले.